सोनवणे मॅडमची हजेरी

अन्याय झाला तो बारावी 'क' तुकडीच्या चौऱ्याऐंशी विद्यार्थ्यांवर आणि त्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या सोनवणे मॅडमवर. मंगळवारी, तिसऱ्या तासाला, अकरा वाजून वीस मिनिटांनी. शिपाई पोटेकाका वर्गात आले, प्राचार्यांच्या सहीची चिठ्ठी पुढे केली आणि ग्रंथालयाची तेवीस पुस्तकं परत मागितली. पुस्तक एकच, तेवीस प्रती. पानं दोनशे बावन्न. आम्ही दोनशे अकराव्या पानावर होतो.

मॅडमनी चिठ्ठी वाचली, तिची नीट घडी घातली आणि म्हणाल्या, "मारुती सखाराम पोटे, जरा बसा. अजून चौदा माणसं राहिलीत."

माणसं सगळी समोरच होती. राहिली होती ती त्यांची हजेरी.

खडकीच्या आमच्या कॉलेजात बाकी सगळे प्राध्यापक हजेरी नंबराने घेत. "एक, दोन, तीन" आणि समोरून "येस सर, येस सर". दोन मिनिटांत मामला आटोपायचा. सोनवणे मॅडमना अठरा मिनिटं लागायची. पंचेचाळीस मिनिटांच्या तासातली अठरा. त्या प्रत्येकाचं पूर्ण नाव घ्यायच्या, चष्म्यावरून त्या माणसाकडे बघायच्या, आणि उत्तर आल्याशिवाय पुढे सरकायच्या नाहीत. उत्तरही ठरलेलं. 'प्रेझेंट' चालायचं नाही, 'येस मॅडम' चालायचं नाही. "आहे" म्हणायचं.

"हजर तर बाकही असतो," त्या म्हणायच्या. "तू आहेस का, ते सांग."

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "इंग्रजीच्या तासाला मराठीतून हजेरी?"

मॅडम म्हणाल्या, "असणं कोणत्याही भाषेत चालतं. आपलं नाव काय म्हणालात? पूर्ण."

साहेबांनी पूर्ण नाव सांगितलं आणि पुढचा प्रश्न ते विसरले.

मी त्यांची भक्त नव्हते, हे आधीच सांगते. उलट वर्षाच्या सुरुवातीला मी त्यांच्याविरुद्ध पत्रक काढलं होतं. मी नसीम. खडकी बाजारात वडिलांचं फळांचं दुकान, आणि अकरावीपासून मी विद्यार्थ्यांच्या एका संघटनेत. पत्रक लिहिणं, झेरॉक्स काढणं, फाटकावर वाटणं, ही माझी खरी शाखा, कॉमर्स नावापुरतं. मॅडमच्या हजेरीवर माझा आक्षेप सरळ होता. या शहरात खोली भाड्याने देण्याआधी आडनाव विचारतात. आडनाव कळलं की जात कळते, धर्म कळतो, आणि खोली "कालच गेली" असते. मग भर वर्गात चौऱ्याऐंशी आडनावांचा पुकारा कशाला? नंबर म्हणजे समानता. पत्रकाचा मथळा होता, "आडनावांचा जाहीर लिलाव बंद करा".

दुसऱ्या दिवशी पत्रक मला परत मिळालं. लाल शाईने तपासलेलं. "काही घटकांवर अन्याय होत आहे" या वाक्याखाली रेघ आणि समासात प्रश्न: "कोणावर? नाव लिही. किती वाजता? वेळ लिही." सात मागण्यांपैकी सहा खोडलेल्या. शेजारी लिहिलेलं: "मागणी एकच असावी. वाचणाऱ्याला आजच्या आज पूर्ण करता यावी." खाली गुण दिलेले, दहापैकी चार. आणि त्याखाली बारीक अक्षरात: "मुद्दा मात्र बरोबर आहे. उद्या सोडवू."

सोडवला तो असा. प्रत्येकाला कागदाचा एक चिटोरा दिला. "तुम्हाला ज्या नावाने हाक मारलेली आवडेल ते नाव लिहा. वडिलांचं लावा, आईचं लावा, आडनाव ठेवा, टाका. मी तेच वाचणार. नंबर मात्र वाचणार नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आडनावावरून माणसाची किंमत करतात हे मला नको शिकवूस. माझं पाळण्यातलं नाव धोंडाबाई. छप्पन साली आमच्या घराने धम्म घेतला, तेव्हा आईने पहिलं काम काय केलं असेल, तर माझं नाव बदललं. स्वतःचं बदलायचं तिचं राहूनच गेलं. नाव बदलता येतं, नसीम. नंबराचं काय करणार?"

मी चिटोऱ्यावर फक्त 'नसीम' लिहिलं. पुढे काही नाही. वर्षभर मॅडम "नसीम" म्हणायच्या आणि मग एक आडनाव मावेल एवढा वेळ थांबायच्या. मी तेवढा वेळ त्यांच्याकडे रोखून बघायचे आणि मग म्हणायचे, "आहे."

बाकीच्यांनी त्या चिटोऱ्याचा हवा तसा उपयोग केला. विकास ढमढेरेने लिहिलं, 'कॅप्टन विकास शांताराम ढमढेरे'. त्याला वाटलं, वर्ग हसेल आणि मॅडम चिडतील. मॅडमनी त्या दिवसापासून रोज, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, "कॅप्टन विकास शांताराम ढमढेरे" असं वाचलं. दिवाळीनंतर तो काकुळतीला आला. "मॅडम, ते कॅप्टन तेवढं काढा ना."

"का? बढती हवी असेल तर मेजर लिहिते."

चौऱ्याऐंशी नावं झाली की मॅडम क्षणभर थांबायच्या, हजेरीपुस्तकात पेन आणखी एकदा टेकवायच्या आणि मग पुस्तक मिटायच्या. हे रोज. कॅप्टनचं म्हणणं, त्या देवाची हजेरी लावतात. संदीप जगताप म्हणायचा, देवबिव काही नाही, पेन चालतंय का ते बघतात.

आता त्या पुस्तकाबद्दल. ती एक इंग्रजी कादंबरी होती. दुसऱ्या महायुद्धातल्या एका छळछावणीत घडणारी. एस्तेर नावाची शिंपीण मुलगी आणि बेनो नावाचा बूट दुरुस्त करणारा मुलगा. दोघेही ज्यू, आणि तेवढाच त्यांचा गुन्हा. छावणीत रोज पहाटे थंडीत उभं करून सगळ्यांची मोजणी होते. फक्त नंबर. मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. एस्तेर मोजणी झाल्यावर स्वतःचं पूर्ण नाव मनातल्या मनात एकदा म्हणते, कारण दुसरं कोणी म्हणणारं उरलेलं नाही. एके दिवशी बुटांचा हातगाडा ढकलत बेनो तारेपलीकडून जातो आणि मान वर न करता तिचं पूर्ण नाव उच्चारतो. बस. तिथून प्रेम सुरू होतं. ना हातात हात, ना चिठ्ठीचपाटी. रोज एक नाव तारेपलीकडून येतं आणि एक नाव परत जातं.

ही कादंबरी 'पूरक वाचन' होती. म्हणजे परीक्षेत शून्य गुण. आणि वर्गात मुलं कोण, तर कारखान्याच्या क्वार्टर्समधली आणि बाजारातली, ज्यांना एकच स्वप्न पडत होतं: कॉल सेंटर. रात्री घ्यायला येणारी गाडी आणि गळ्यात ओळखपत्र. पहिल्याच दिवशी संदीप जगताप उभा राहिला. "मॅडम, पण जर्मनीच्या त्या माणसाने देशाला शिस्त लावली होती म्हणतात."

मला वाटलं, आता भाषण होणार. मी असते तर केलंच असतं. मॅडम म्हणाल्या, "असं म्हणतात खरं. तू रोझाला घे."

रोझा म्हणजे काय, ते मग कळलं. एस्तेरच्या बराकीतल्या बायका, गाड्यावरचे पुरुष, पोरं, म्हातारे, अशी कादंबरीत येणारी लहानमोठी माणसं मॅडमनी मोजून काढली होती. कोणी चार पानं टिकतं, कोणी एकाच ओळीत येतं आणि जातं. प्रत्येक विद्यार्थ्याला त्यांनी त्यातलं एकेक माणूस दिलं. "हे तुझं. याला सांभाळायचं. हे माणूस गेलं, तर तू उभं राहायचं आणि ते काय करायचं ते सांगायचं. 'मेली' एवढं म्हणून खाली बसायचं नाही. मेली ते पुस्तकातच लिहिलंय."

कॅप्टनने सुचवलं, आपण त्या मोजणीचं नाटक करू, सगळ्यांना मैदानात उभं करू. मॅडम म्हणाल्या, "नाही. त्याचं नाटक होत नाही. उपाशी पोरांचं सोंग आणून, वडापाव खाऊन घरी जायचं? वाचा. पुरे आहे."

एकशे चाळिसाव्या पानावर रोझा गेली. अर्ध्या ओळीत. संदीप उभा राहिला. हा मुलगा आंतरमहाविद्यालयीन कुस्तीत उतरलेला. बरोबरच्या तीन बाकांवरची पोरं खाली बघत बसली. शेवटी तो म्हणाला, "ती एका पावाच्या तुकड्याला कंगवा घेते. आणि मग सगळ्यांचे केस विंचरते." मग म्हणाला, "स्वतःचे नाही. तिचे कापलेलेच असतात."

"बस," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. त्यानंतर शिस्तीचा विषय त्याने काढला नाही. आम्हीही त्याला टोमणा मारला नाही, आणि हे आमच्या वर्गात कधी घडत नसे.

असं दोनशे अकराव्या पानापर्यंत चाललं. युद्ध संपत आलंय. छावणी रिकामी करायला काढलीय. एस्तेर एका रांगेत आणि बेनो दुसऱ्या. दोन रांगा दोन दिशांना निघाल्यात. आणि मंगळवारी अकरा वीसला पोटेकाका चिठ्ठी घेऊन आले.

कारण काय, तर एका खासगी संस्थेशी कॉलेजचं बोलणं झालं होतं. 'व्यक्तिमत्त्व विकास'. आठवड्यातले आमचे इंग्रजीचे बरेचसे तास आता त्यांचे. प्राचार्य म्हणाले, "सोनवणे मॅडम, जग कुठे चाललंय बघा. पोरांना नोकऱ्या लागायला हव्यात. रडवून काय मिळणार?"

मॅडम म्हणाल्या, "एकेचाळीस पानं राहिलीत, सर."

"शेवट तोंडी सांगून टाका की."

"शेवट सांगायचा नसतो. तिथपर्यंत जायचं असतं."

बुधवारी संस्थेची बाई आली. आमच्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठी असेल. नाव पॅम. तिने सगळ्यांच्या शर्टावर चिकटपट्ट्या लावल्या आणि फोनवर बोलायला सोपी अशी नवी नावं वाटली. संदीप झाला सँडी. मी झाले नॅन्सी. कॅप्टन झाला व्हिक. तो खूश, कारण कॅप्टन तरी सुटलं. मॅडम नियमाप्रमाणे मागच्या बाकावर बसल्या होत्या. पॅम त्यांच्यापर्यंत गेली. "आणि मॅम, आपण?"

"वत्सला."

"ओके, फोनवर जरा लांब होतं ते. आपण व्हॅल म्हणू या?"

"तीन अक्षरं जड जात असतील तर दोन हप्त्यांत घ्या," मॅडम म्हणाल्या. "मला घाई नाही."

वर्ग फुटला. पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी 'व्हॅल' लिहिलेली ती चिकटपट्टी हातात घेतली, वाचली आणि पर्समध्ये ठेवली.

मी पेटले होते. त्या रात्री अकरा मागण्यांचं पत्रक लिहिलं आणि गुरुवारी दुपारी दोन बस बदलून धायरीला त्यांच्या घरी गेले. इमारत सापडली, मजला सापडेना. जिन्यात एक गृहस्थ भेटले. विचारलं, "सोनवणे कुठे राहतात?"

"कोण सोनवणे?"

"वत्सला सोनवणे. कॉलेजात शिकवतात."

"अच्छा, त्या टीचर होय. अहो, आमच्यासमोरच की. अकरा वर्षं झाली." मग जरा ओशाळून म्हणाले, "नावाचा कधी प्रसंग आला नाही."

मॅडमच्या घरात पुस्तकं, एक खुर्ची आणि एक आरामखुर्ची. आरामखुर्चीवर घडी घातलेलं नऊवारी लुगडं. आई तीन वर्षांपूर्वी गेल्याचं त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि मला साध्या खुर्चीवर बसवलं. स्वतः उभ्या राहून पत्रक वाचलं.

"मजकुराशी माझा संबंध नाही. मी पगारी नोकर आहे. ऱ्हस्वदीर्घ तेवढं बघते."

ऱ्हस्वदीर्घ बघता बघता त्यांनी दहा मागण्या खोडल्या, आणि "शिक्षणाच्या बाजारीकरणाचा धिक्कार असो" याच्या जागी लिहिलं, "पान दोनशे अकरा." मग पेन माझ्या हातात दिलं. "पुढचं तू."

शुक्रवारी फाटकावर पत्रक वाटलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं. कोणावर अन्याय, किती वाजता, आणि एकच मागणी: आम्हाला उरलेली एकेचाळीस पानं वाचू द्या. प्राचार्यांनी ते खिशात घातलं. मग आम्ही शनिवारची वाट पाहिली.

शनिवारी पॅमचा दुसरा तास. विषय: स्वतःची ओळख करून देणे. "सँडी, तू सुरू कर."

संदीप उभा राहिला. चिकटपट्टी काढून बाकावर ठेवली. "मी संदीप रुक्मिणी जगताप. आहे. माझ्याकडे रोझा होती. ती एकशे चाळिसाव्या पानावर गेली. ती सगळ्यांचे केस विंचरायची."

मग पुढचा. मग त्याच्या मागची. "माझ्याकडे मिरिआम आहे. ती दुसऱ्या रांगेत आहे. तिचं काय झालं मला माहीत नाही. पान दोनशे अकरा." आम्ही ठरवलं होतं की आवाज चढवायचा नाही. कोणी चढवला नाही. "पान दोनशे अकरा." "पान दोनशे अकरा." कॅप्टन उठला आणि म्हणाला, "कॅप्टन विकास शांताराम ढमढेरे," आणि त्या दिवशी कोणी हसलं नाही. माझा नंबर आला. मी उभी राहिले. "नसीम," म्हणाले. मागच्या बाकाकडे न बघताही मला कळलं की तिथे कोणीतरी एक आडनाव मावेल एवढं थांबलंय. "नसीम आयेशा बागवान," मी म्हणाले. "आहे. माझ्याकडे एस्तेर आहे. पान दोनशे अकरा."

पूर्ण तास गेला. पॅम आधी घड्याळ बघत होती, मग बघेनाशी झाली. शेवटची घंटा झाली तेव्हा ती टेबलाला टेकून उभी होती. "आणि बेनो?" तिने विचारलं. "तो कोणाकडे आहे?"

"कोणाकडेच नाही," संदीप म्हणाला. "मॅडम म्हणाल्या, त्याला आपण सगळ्यांनी बघायचं."

तिने स्वतःच्या शर्टावरची चिकटपट्टी काढली. "मी पद्मा," म्हणाली. "पद्मा विठ्ठल काळोखे. बिबवेवाडी." आणि तडक प्राचार्यांच्या खोलीत जाऊन म्हणाली की, सर, फोनवर बोलायला आवाजाचा सराव लागतो, त्यासाठी मोठ्याने वाचन हवं, आणि वाचायला एखादी कादंबरी फार उत्तम.

सोमवारी पुस्तकं परत आली. प्राचार्यांनी आपली एक अट घातली. हरलेला माणूस घालतोच. वेळ वाचवायला हवा, तेव्हा तासात हजेरी नंबराने.

मॅडम अट मानतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी मानली. "एक ते चौऱ्याऐंशी," त्या म्हणाल्या. "कोणी गैरहजर?" कोणी नव्हतं. अर्ध्या मिनिटात पुस्तक मिटलं. शेवटचं ते थांबणं नाही, पेन टेकवणं नाही. मग वाचायला लागल्या, आणि वर्षात पहिल्यांदा त्यांची ओळ चुकली. पुन्हा चुकली. आम्ही तीस पानं पुढे गेलो, पण ते आमच्या मॅडमचं वाचन नव्हतं.

मधली सुट्टी वीस मिनिटांची. हजेरीला लागतात अठरा. मंगळवारी मी हिशोब मांडला आणि वर्गाने वडापाव सोडला. हजेरीपुस्तक कार्यालयात असतं. पोटेकाकांना गाठलं. ते म्हणाले, "मला काही विचारू नका. मी पाणी प्यायला चाललोय," आणि पुस्तक खिडकीत ठेवून गेले. कॉलेजात त्यांना पूर्ण नावाने ओळखणारं एकच माणूस होतं.

मी टेबलापाशी उभी राहून नावं घेतली. मॅडम घेतात तशी, बघून. "आहे." "आहे." माझं नाव आलं. वर्षभर त्याच्यापुढे सोडलेल्या कोऱ्या जागेत आता बारीक पेन्सिलीने 'आयेशा बागवान' होतं. स्वतःचं नाव स्वतःच पुकारलं आणि स्वतःच "आहे" म्हणाले. हसले सगळे. चौऱ्याऐंशीवं नाव झालं, मी पुस्तक मिटायला गेले, आणि खाली आणखी एक ओळ दिसली.

पंच्याऐंशी. मॅडमच्या अक्षरात. 'वत्सला भागीरथी सोनवणे.' पुढे जूनपासूनच्या खुणा, एकही दिवस न चुकता. फक्त सोमवारचा चौकोन कोरा.

रोज चौऱ्याऐंशी माणसांना हाक मारून झाल्यावर ही बाई मनातल्या मनात स्वतःला हाक मारत होती. स्टाफरूममध्ये ती सोनवणे मॅडम, जिन्यात टीचर, गॅसवाल्याकडे ग्राहक क्रमांक. आईने हट्टाने बदलून ठेवलेलं नाव घेणारं कोणी उरलं नव्हतं.

मी मान वर केली तर त्या दारात उभ्या होत्या. किती वेळ, माहीत नाही. घंटा व्हायची होती.

मी पेन उचललं. चष्मा नव्हता, तरी चष्म्यावरून बघितल्यासारखं बघितलं. "वत्सला भागीरथी सोनवणे."

वर्ग वळून बघत राहिला. मी पुढे सरकले नाही. उत्तर आल्याशिवाय सरकायचं नसतं, हे त्यांनीच शिकवलेलं.

"आहे," त्या म्हणाल्या.

मी खूण केली. सोमवारचीही केली. घंटा झाली. त्या आत आल्या, पुस्तक उघडलं आणि उरलेली अकरा पानं अशी वाचली की एक ओळ चुकली नाही, आणि मैदानावरून प्राचार्य येऊन खिडकीशी थांबले ते संपेपर्यंत हलले नाहीत. एस्तेर जगली, एवढं सांगते. बेनोसाठी तुम्हाला तिथपर्यंत जावं लागेल. वर्ष संपेपर्यंत आमची हजेरी मधल्या सुट्टीत, पूर्ण नावांनी झाली. पंच्याऐंशी नावं, आणि शेवटचं वर्गाने मिळून घ्यायचं.

आता मागणी. मॅडमच्या नियमाप्रमाणे एकच, आणि आज पूर्ण करता येणारी. तुमच्या जिन्यात एक माणूस एकटं राहतं. तुम्ही त्याला समोरचे म्हणता, वरच्या काकू म्हणता, ते टीचर म्हणता. हा कागद खाली ठेवा, जा, दार वाजवा आणि पूर्ण नाव विचारा. उद्या सकाळी त्याच नावाने हाक मारा. आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.